ओल कुठून येते? : गोहलपूरच्या एका भिंतीचा इतिहास

जुन्या घराचा गिलावा फुगू लागला, की आपण गवंड्याला बोलावतो आणि विचारतो, "किती खर्च येईल?" खरे तर हा दुसरा प्रश्न आहे. "ओल कुठून येते?" हा पहिला. नोकरीच्या काळात मी इमारतींच्या दुरुस्तीच्या कित्येक अंदाजपत्रकांवर सह्या केल्या. त्यांतल्या फार थोड्या कागदांवर या पहिल्या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले असे, आणि ते नाही म्हणून मी कागद परत पाठवला असेही क्वचितच घडले. ही चूक मला एखाद्या प्रशिक्षणवर्गात उमगली नाही. ती उमगली जबलपूरच्या गोहलपूर भागात, आमच्या मामींच्या घरी.

आधी थोडे त्या घराविषयी, आणि जबलपुरात मराठी घर कसे आले त्याविषयी.

गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली संपले आणि जबलपूर सागरच्या मराठी अंमलाखाली आले. १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदाखोरे नागपूरकर भोसल्यांना दिले. पुढे वीसेक वर्षांतच, १८१७-१८ च्या लढाईत, ते इंग्रजांकडे गेले. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांत स्थापन झाला, आणि जवळजवळ ९५ वर्षे नागपूर व जबलपूर एकाच राजवटीत राहिले. कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतले बाबू अशा रूपाने मराठी कुटुंबे या शहरात स्थिरावली ती मुख्यतः याच काळात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि ही कुटुंबे जागची न हलता 'बाहेरची मराठी माणसे' झाली.

आमचे आजोबा असेच एक कचेरीतले कारकून. त्यांनी गोहलपुरात, दमोह नाक्याच्या अंगाला, एक जुने घर विकत घेतले. मातीच्या सांध्यात रचलेल्या पक्क्या विटांची दीड हात जाड भिंत, आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा, वर कवेलूंचे छप्पर. आजोबांनंतर मामा आणि मामांनंतर मामी त्या घरात राहिल्या. दोन्ही मुले बाहेर. एक न्यू जर्सीला, एक पुण्याला.

गिलाव्याचा विचार करताना चुना म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन्न किलो. या कळ्या पाण्यात टाकल्या की उसळी मारून विरतात. हे काम जपून करावे लागते, कारण उकळता चुना डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते. विरलेला चुना आठवडेच्या आठवडे पाण्याखाली मुरवायचा, वाळू किंवा विटांची पूड म्हणजे सुरखी घालून घाणीत मळायचा, आणि मग भिंतीवर चढवायचा. भिंतीवर गेलेला चुना हवेतला कर्बवायू पुन्हा हळूहळू शोषून घेतो आणि परत चुनखडी होतो. त्याला महिने लागतात, जाड थराला त्याहूनही अधिक. तो कधीच फार कठीण होत नाही, आणि त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून भिंतीतली वाफ बाहेर पडत राहते. भिंत थोडी हलली तर चुना बारीक बारीक भेगांनी ते हलणे सोसून घेतो.

जबलपूरला चुन्याची वाण कधीच नव्हती. नव्वदेक किलोमीटरवरचे कटनी-मुडवारा हे चुनखडीचे आगर. १८६७ साली अलाहाबादकडून रेल्वे जबलपूरला पोचली, १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडची रेल्वे तिला येऊन मिळाली, आणि कटनीचा चुना दूरवर जाऊ लागला. कटनीला आजही लोक चुन्याची नगरी म्हणतात.

चुन्याच्या घराचे एक पंचांग असे. पावसाळ्यात ओल कुठे धरते ते घरातल्या बायका पाहून ठेवत. दसऱ्याच्या आधी घर झाडून पुताई होई; गावाकडे चुन्याऐवजी छुई, म्हणजे पांढरी माती, लावत. पुताई म्हणजे केवळ शोभा नव्हती. हात लावायच्या आधी भिंत खरवडली जाई, सुटलेला पोपडा हाताला लागे, पोकळ जागा आवाजावरून कळे. वर्षातून एकदा घराच्या प्रत्येक हातभर भिंतीची तपासणी होत होती, आणि तिला तपासणी असे नावही नव्हते. मोठी डागडुजी दिवाळीनंतर निघे. पाऊस संपलेला, ऊन कोवळे, हवेत थोडा दमटपणा. चुन्याला हेच मानवते.

सरकारचे पंचांग मात्र वेगळे निघाले. डलहौसीच्या काळात, १८५४ साली, सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. खात्याने चुन्याचा तिरस्कार मुळीच केला नाही. त्या काळच्या इंग्रज अभियंत्यांनी इथल्या कंकराचा, सुरखीचा, चुन्याचा कसून अभ्यास केला. सरकारी इमारतींना दरवर्षीची सफेदी, काही वर्षांच्या अंतराने येणारी मोठी रंगरंगोटी आणि गरजेप्रमाणे विशेष दुरुस्ती अशी व्यवस्थाही बसवली. पण १८६७ साली, म्हणजे जबलपूरला रेल्वे आली त्याच वर्षी, भारत सरकारचे आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे ठरले. त्याआधी ते १ मेपासून सुरू होई. इंग्लंडच्या हिशेबाशी मेळ बसावा एवढाच हेतू होता. पण त्या दिवसापासून भिंतीचे पंचांग आणि खजिन्याचे पंचांग यांची जी फारकत झाली ती आजतागायत मिटलेली नाही.

पाहा. ओल दिसते श्रावण-भाद्रपदात. अहवाल जातो आश्विनात. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा हे होता होता माघ उजाडतो. पैसा हातात येतो फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चला तो व्यपगत होतो. म्हणजे गिलाव्याचे काम निघते ते भिंत वरून सर्वांत कोरडी दिसते तेव्हा; ओलीचा पुरावा पुसला गेलेला असतो. आणि नवा गिलावा वाळतो तो एप्रिलच्या उन्हात, जिथे चुना कडकडून तडकतो. चुन्यासारख्या संथ वस्तूला या वेळापत्रकात जागाच नव्हती. हे वेळापत्रक पाळणारी वस्तू हवी होती, आणि ती पुढे मिळाली.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट इंग्लंडात १८२४ चे. भारतात १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला आणि त्यापाठोपाठ १९१५ मध्ये कटनीला. पुढे १९२३ पासून जवळच्याच कैमूरलाही सिमेंट निघू लागले. कटनी तेव्हा जबलपूर जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. म्हणजे चुन्याच्या माहेरातच सिमेंटने बिऱ्हाड केले. तरी आमच्या मामांच्या घरात पुढची साठ-सत्तर वर्षे सिमेंट शिरले नाही. त्याचे कारण कुणाचे चुन्यावरचे प्रेम नव्हते. कारण प्रशासकीय होते: सिमेंट मिळत नसे.

स्वातंत्र्यानंतर सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारच्या ताब्यात होते. न्हाणीघराची फरशी करायची तरी अर्ज करायचा आणि परमिटची वाट पाहायची. या परमिटांचे राजकारण कुठवर पोचले होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. सिमेंटवाटप आणि देणग्या यांच्या संबंधावरून मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल गेला आणि जानेवारी १९८२ मध्ये बॅ. अंतुले यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या फेब्रुवारीअखेर केंद्राने सिमेंट अंशतः नियंत्रणमुक्त केले. १ मार्च १९८९ पासून ते पूर्ण मुक्त झाले. नियंत्रण उठले हे योग्यच झाले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण जे वर्षानुवर्षे मागून मिळत नव्हते ते दुकानात पोत्यांनी मिळू लागल्यावर माणसे ते कुठे लावायचे हा विचार करीत नाहीत. दहा वर्षांत चुन्याच्या घाण्या बसल्या आणि चुना मुरवणारे गवंडी सिमेंट कालवू लागले. सिमेंट काही तासांत धरते आणि अठ्ठावीस दिवसांत बहुतेक ताकद मिळवते. मार्चअखेरीला असाच माल हवा असतो. रजा काढून दोन आठवड्यांसाठी घरी आलेल्या मुलालाही हाच हवा असतो.

२२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, जबलपूरला भूकंप झाला. तीव्रता ५.८, केंद्र शहराच्या आग्नेयेला कोसमघाटजवळ. चाळीसच्या आसपास माणसे गेली आणि हजारो घरांना तडे गेले. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती. मामींच्या घरात मधल्या खोलीचा गिलावा खाली आला आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून छपरापर्यंत एक तिरपी भेग गेली. पावसाळा तीन आठवड्यांवर होता. शहरातले सगळे गवंडी गुंतलेले. जो मिळाला त्याने पडलेल्या जागी आणि बाहेरच्या दर्शनी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि भेग झाकून टाकली. त्या घाईला मी नावे ठेवणार नाही. पाऊस दारात उभा असताना माणूस निदान करीत बसत नाही. चूक झाली ती त्यानंतर, जेव्हा वेळ होता तेव्हा.

दोन-तीन वर्षांत दर्शनी भिंतीला आतून गुडघाभर उंचीवर ओल दिसू लागली. पोपडे सुटले, पांढरी भुरभुर आली. २००१ च्या नाताळात थोरला मुलगा आला. ओल अडवणारे रसायन आणि वर डिस्टेंपर लावून गेला. ओल कमरेपर्यंत चढली. २००५ च्या मे महिन्यात धाकटा आला. त्याने कमरेपर्यंत फरश्या चिकटवल्या. ओल फरश्यांच्या वर, खिडकीच्या पाट्यापर्यंत गेली. प्रत्येक वेळी मुलांनी मनापासून पैसे खर्च केले होते, आणि प्रत्येक वेळी ते परत गेल्यावर पहिल्याच पावसात भिंत हरत होती. मामी फोनवर म्हणत, "पोरांना सांगू नकोस रे, वाईट वाटेल त्यांना." २०११ च्या जूनमध्ये घर 'जर्जर' ठरवणारी नोटीस दाराला लागली.

इथे अजिंठ्याची आठवण होते. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास लेण्यांतल्या चित्रांसाठी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटू पाहणारा गिलावा कौशल्याने पुन्हा खडकाला धरवला. ते काम मोलाचेच होते. पण चित्रांच्या रक्षणासाठी वरून जो लाखेचा लेप दिला, तो काळाबरोबर पिवळा आणि काळसर पडला, आणि तो काढणे हे पुढच्या पिढ्यांच्या रसायनतज्ज्ञांचे काम होऊन बसले. एवढ्या थोर जागी, एवढ्या जाणत्या हातांकडून हे झाले. मग गोहलपुरातल्या दोन भावांना दोष कसा द्यावा?

नोटिशीची बातमी आली तेव्हा मी पहिल्यांदाच भर पावसात, ऑगस्टमध्ये, रजा काढून गेलो. जबलपूरचा पाऊस वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर. त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो. गल्लीतच एक वृद्ध गवंडी राहत. वडिलांकडून चुन्याचे काम शिकलेले, पण वीस वर्षे कुणी त्यांच्याकडून ते करून घेतले नव्हते. त्यांनी भिंत पाहिली आणि म्हणाले, "साहब, बीमारी नीचे है, मलहम ऊपर लगा रहे हो." मग त्यांनी जे केले ते मी वहीत टिपून घेतले.

पहिल्या दिवशी त्यांनी काहीच तोडले नाही. बोटाच्या पेराने सगळी भिंत वाजवली. जिथे घट्ट आवाज आला ती जागा सोडली, जिथे पोकळ आला तिथे खडूने रेघ ओढली. नंतर ओलीची वरची कड खडूने आखली. कड सरळ, जमिनीला समांतर होती. छपरातून गळणारे पाणी वरून खाली डाग पाडते. पाइपाची गळती एका जागी गोल पसरते. पावसाची झड खिडक्यांभोवती आणि वाऱ्याच्या बाजूला दिसते. सरळ आडवी कड आणि तिच्यावर पांढऱ्या क्षारांची किनार, म्हणजे पाणी जमिनीतून चढते आहे. ती भुरभुर त्यांनी जिभेला लावून पाहिली आणि "लोना" म्हणाले. आपण मराठीत लोणा म्हणतो तेच. पाणी जमिनीतले व विटांतले क्षार घेऊन वर येते, पृष्ठभागाशी सुकते, आणि स्फटिक होताना क्षार फुगून गिलाव्याला आतून ढकलतात. म्हणून गिलावा पावसाळ्यानंतर, भिंत सुकताना, जास्त झडतो. ओल ऑगस्टची, पडझड डिसेंबरची; आणि डिसेंबरात आलेला माणूस समजतो की थंडीनेच काही बिघडले.

पण चुन्याच्या काळातही जमीन हीच होती, पाऊसही हाच होता. मग ओल इतकी वर का चढली? एक कारण सिमेंट. पूर्वी भिंतीत शिरलेले पाणी गुडघ्याच्या खालीच चुन्यातून उडून जाई. बाहेरून सिमेंटने आणि आतून फरशीने वाट बंद केल्यावर ते मोकळी जागा मिळेपर्यंत वर चढत गेले. दुसरे कारण मामींच्या ट्रंकेत सापडले. साठच्या दशकातला एक फोटो: आजोबा दारात उभे, खाली तीन पायऱ्या. मी दाराशी जाऊन पाहिले. आता रस्त्यावरून घरात यायला एक पायरी उतरावी लागत होती.

मामी फोटो हातात घेऊन बराच वेळ बसल्या. म्हणाल्या, "पायऱ्या कुठे गेल्या, हे मी कधी विचारलंच नाही रे."

पायऱ्या रस्त्याखाली गेल्या होत्या. दर काही वर्षांनी जुना थर न खरवडता त्यावर नवा थर, त्याच्याबरोबर उचललेली नाली, पुन्हा थर. घराचे जोते जमिनीत गाडले गेले होते आणि नालीचे पाणी आता भिंतीच्या पोटाला लागत होते. असे थर कुठल्या महिन्यात पडतात हे सरकारी नोकरीत राहिलेल्या माणसाला सांगायला नको. मी स्वतः, वेगळ्या जिल्ह्यात, वेगळ्या गावांत, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अशा किती थरांच्या देयकांना मान्यता दिली असेल! त्या रस्त्यांच्या कडेलाही घरे होती, आणि त्या घरांतही कुणाच्या तरी मामी राहत असतील. त्या रात्री मला झोप लागली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

दुरुस्तीला सतरा महिने लागले. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून तो देतो. आधी पाणी: छपराची फुटकी कवेलू आणि पन्हाळ बदलली, भिंतीलगतचा चढलेला ओटा खणून काढला, तिथे खडी भरून उताराची चर काढली. रस्ता खाली करणे आमच्या हातात नव्हते. पाणी भिंतीपासून दूर नेणे होते. मग नोव्हेंबरात सिमेंट आणि फरश्या काढल्या, ओलीच्या कडेच्या वर हातभर अंतरापर्यंत. जिथे जुना चुना घट्ट वाजत होता तो तसाच ठेवला. उघड्या विटांवरचा लोणा कोरड्या कुंच्याने झाडून तो गोळा करून दूर टाकला. पाण्याने धुतला असता तर पुन्हा आतच गेला असता. मग कागदाचा लगदा आणि मातीचा लेप देऊन, तो वाळल्यावर काढून, असे तीनदा क्षार ओढून घेतले. जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरच्या बाजूला चुन्याचा गिलावा केला, म्हणजे पावसाच्या आत तो धरेल. आतली भिंत मात्र २०१२ च्या पूर्ण पावसाळ्यात उघडी ठेवली. निदान बरोबर होते की नाही, हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळणार?

तिरप्या भेगेवर काचेच्या तीन पट्ट्या चिकटवून त्यावर तारखा घातल्या. भेग वाढत असेल तर काच तडकते. उन्हाळ्यात एक तडकली, दोन शाबूत राहिल्या. शहराच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि घर तिच्याबरोबर किंचित हलते. एका परिचित अभियंत्याने ते पाहून खिडक्यांच्या वरच्या पातळीवर आणि कोपऱ्यांत सळ्यांच्या जाळीचे पट्टे सिमेंटमध्ये बसवायला सांगितले. भूकंपाने दुखावलेल्या इमारती मजबूत करण्याची भारतीय मानके १९९३ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांत हे उपाय दिलेले आहेत. मला सिमेंटचा द्वेष नाही. भूकंपाच्या पट्ट्याला सिमेंट आणि सळईच हवी. ते काम चुन्याचे नव्हे. पण जमिनीलगतच्या ओल्या भिंतीचे पांघरूण होणे, हे काम सिमेंटचे नव्हे.

त्या सतरा महिन्यांत सर्वांत अवघड काम मामींचे होते. एक दिवाळी त्यांनी नागड्या विटांसमोर केली. येणारा-जाणारा विचारी, "पोरांनी पैसे पाठवले नाहीत का?" न्यू जर्सीहून थोरल्याची ई-मेल आली, की आठवड्याभरात होणाऱ्या कामाला दीड वर्ष लावून मी त्याच्या आईला हाल सोसायला लावतो आहे. त्याचे चुकले नव्हते. त्याने पाठवलेले पैसे बँकेत पडून होते आणि भिंत उघडी होती. लांब राहणाऱ्या माणसाला दोनच गोष्टी पाठवता येतात, पैसा आणि काळजी. भिंतीला हवा असलेला वेळ पाठवता येत नाही. मी त्याला महिन्यामहिन्याला ओलीच्या कडेचे फोटो पाठवू लागलो, प्रत्येकात खडूची तारीख. सप्टेंबर २०१२ मध्ये कड घोट्याच्या वर गेली नव्हती. त्यावर त्याचे एवढेच उत्तर आले: "चुना कधी लावायचा?"

दिवाळीनंतर आतला गिलावा झाला. विटा भिजवून, प्रत्येक थर बोटाच्या जाडीपेक्षा कमी, मधे दिवस सोडून, ओल्या गोणपाटांनी झाकून. शेवटच्या हातात त्या गवंड्यांनी गूळ आणि बेलफळाचे पाणी घातले, वडिलांनी शिकवल्याप्रमाणे. गल्लीतली दोन तरुण पोरे त्यांच्या हाताखाली होती. नोटिशीला अभियंत्याचा अहवाल आणि सतरा महिन्यांचे फोटो जोडून उत्तर दिले. घर यादीतून वगळले गेले.

यातून प्रशासनासाठी काही मुद्दे मला सुचतात.

१) दुरुस्तीच्या प्रत्येक अंदाजपत्रकात 'बिघाडाचे कारण' हा रकाना सक्तीचा असावा, आणि तो पावसाळ्यातील पाहणीवरून भरलेला असावा. कारण न लिहिलेले अंदाजपत्रक मंजूर करू नये.

२) जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा निधी निदान दोन वर्षांसाठी असावा, ३१ मार्चला तो व्यपगत होऊ नये.

३) चुन्याच्या गिलाव्याची भारतीय मानके पूर्वीपासून आहेत. ती दरसूचीत, निविदांत आणि गवंड्यांच्या प्रशिक्षणात उतरली पाहिजेत. हाताने काम येणारी पिढी संपण्यापूर्वी हे व्हावे.

४) रस्त्याचा नवा थर देण्यापूर्वी जुना खरवडण्याची आणि कडेच्या घरांच्या जोत्याची पातळी नोंदवण्याची अट देयकाशी जोडावी.

५) 'जर्जर' ठरवण्याच्या नोटिशीत घर पाडावे की दुरुस्त व्हावे, आणि का, हे दोन ओळींत तरी लिहिलेले असावे. १९९७ नंतर जबलपूरचे सूक्ष्म भूकंपक्षेत्र-निर्धारण झाले. देशात असे काम झालेल्या पहिल्या काही शहरांपैकी ते एक आहे. कुठल्या भागातली जमीन किती हलेल हे आपण एवढ्या बारकाईने अभ्यासू शकतो, तर एका घराच्या भिंतीत पाणी कुठून येते हे पाहणे अवघड नाही.

आणि एक विनंती तुमच्यापैकी त्यांना, ज्यांचे जुने घर मागे राहिले आहे आणि जे दर नाताळात किंवा मे महिन्यात तिथे जातात. एकदा भाद्रपदात जा. फक्त पाहायला जा, गवंडी बोलावू नका. भिंत बोटाने वाजवा, ओलीची कड खडूने आखा, तारीख घाला. घराचा जुना फोटो असेल तर तो हातात घेऊन दाराशी उभे राहा आणि पायऱ्या मोजा.

मामी आता नाहीत. मधल्या खोलीत, दाराच्या मागे, त्या गवंड्यांनी पेन्सिलीने घातलेल्या तारखांची ओळ अजून आहे. दर पुताईला ती तेवढी जागा सोडून रंग दिला जातो.